घडीतला हिवाळा

नंदुरबार गावातील आणि आसपासच्या तमाम लहानथोरांस अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, रंगारी आळीतील एक देखणा, सुदृढ आणि नुकताच जन्मलेला हिवाळा आज सकाळी नदीच्या पाण्यात बुडून मयत झाला आहे. मयताच्या अंगावर जांभळी शाई, बांगड्यांच्या खोक्याचा पुठ्ठा आणि चिमूटभर कापूस होता. त्याच्या मागे एक शेकोटी, एक वांगं आणि दोन माणसं असा परिवार होता, तोही वाहत पुढे गेला आहे. सुतक कोणी पाळू नये. थंडी मात्र पूर्वीसारखीच वाजत राहील.

लोटन, आठवते ना ही दवंडी? धुण्याच्या दगडावर उभा राहून, टोपी छातीशी धरून, मी ती अख्ख्या नदीकाठाला ऐकवली होती. तू गुडघाभर पाण्यात उभा. हातात ओला, लोंबणारा पुठ्ठा. आधी तू माझ्याकडे रागाने पाहिलंस, मग त्या पुठ्ठ्याकडे, आणि मग असा हसत सुटलास की खांद्यावरची धुवायला आणलेली छापील फडकीही पाण्यात पडली. काठावरचे सगळे रंगारी हसले. पलीकडे म्हशी धुणारा माणूस काय झालंय ते न कळताच हसला.

आता तू खरोखरच गेलास, तर माझ्याजवळ दवंडी नाही. तुला उचलायच्या आधी आळीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नथू, तू बोल काहीतरी," असं कुणी म्हणालंही. त्यांचं काय चुकलं? गणपतीच्या नाटकात मी राजा झालो, नारद झालो, आणि राणी होणाऱ्याला ऐन वेळी ताप भरला तेव्हा मिशा पदरात लपवून राणीही झालो. माझ्या तोंडाला कुलूप नाही हे गावाला ठाऊक आहे. मी पुढे झालो, तोंड उघडलं, आणि ते उघडंच राहिलं. शेवटी मला दंडाला धरून ओट्यावर बसवलं आणि कुणीतरी पाण्याचा तांब्या हातात दिला. असा फजितीचा प्रवेश माझ्या आयुष्यात कधी झाला नव्हता, आणि तो बघायला नेमका तूच नव्हतास.

म्हणून हे लिहितोय. तू मध्ये मध्ये तोडणार नाहीस, त्यामुळे लिहायला सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही होत नाहीये.

या सगळ्याची सुरुवात माझ्या दुकानातून झाली, असं तू सगळ्यांना सांगायचास. माझं दुकान म्हणजे पटकीची विहीर असावी, अशा आवाजात सांगायचास. खरं तर त्या दुकानात सुया, दोरे, आरसे, फण्या, बांगड्या आणि शाईच्या पुड्या यांखेरीज काही नाही. नवापूरकडच्या मिशनातली मडम बटणं घ्यायला यायची. मागच्या नाताळात तिने मला एक कार्ड दिलं. बाहेरून साधं, दुमडलेलं. उघडलं की आतून घर उभं राहायचं! छपरावर बर्फ, दारात दोन उंच झाडं, आणि झाडाआडून डोकावणारं हरणासारखं एक जनावर. मिटलं की सगळं गडप.

हे हाती लागल्यावर मी गप्प बसेन का? त्यावर हातरुमाल टाकून, तोंडाने ढोलकी वाजवून, "पडदा वर!" म्हणत मी ते अख्ख्या बाजारपेठेला दाखवलं. शेजारचे किराणावाले शेठ चष्मा वर करून म्हणाले, "घर तो अच्छा है, पण छपरावर एवढं मीठ का सांडलंय?"

तू आलास तेव्हा तुझे हात कोपरापर्यंत रंगलेले होते, एक लाल आणि एक काळा. मी पडदा वर केला. तू वाहवा केली नाहीस. कार्ड माझ्या हातातून काढून घेतलंस. उघडलंस, मिटलंस. पुन्हा उघडलंस. मग खाटेखाली मांजर शोधावं तसा वाकून आडव्या अंगाने आत बघत बसलास.

"जादू नही शे," तू म्हणालास. "घडी शे."

"अरे घडी राहू दे, बर्फ बघ!"

"बर्फ कठे शे? तठे काही छापेलच नही. कोरा कागद सोडी दिधा, बस."

मला इतका राग आला. एवढ्या मोठ्या खेळाचा असा निकाल लावायचा असतो का? पण तू गेल्यावर मी पाहिलं. छपरावर खरंच काही छापलेलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात मथीचं पत्र आलं. तुझी एकुलती एक मथुरा. तिला तू पलटणीतल्या शिंप्याला दिलीस आणि पलटण तिला पंजाबच्या पार पलीकडच्या डोंगरात घेऊन गेली. तिची पत्रं मीच वाचून दाखवायचो. वहिनींना माझा आवाज आवडतो म्हणून, असं माझं म्हणणं. गावात दुसरं कुणी इतकं रिकामं नसतं म्हणून, असं तुझं. त्या दिवशी मी नेहमीप्रमाणे उभं राहून, हातवारे करून वाचत होतो. मथीने लिहिलं होतं की तिकडे दारापर्यंत बर्फ चढलाय. तिची लहानगी रखमा विचारते, आजोबांच्या गावी हिवाळा कसा असतो? मथी तिला सांगते की तिकडे शेतं पांढरी होतात, पण ती कापसाने, आणि लोक अंगणात आगीभोवती बसून वांगी भाजून खातात. तर रखमा म्हणते, हिवाळ्यात कुणी बाहेर बसतं का? आई खोटं बोलते.

हे वाचून मी हसलो. वर पाहिलं तर तू हसत नव्हतास.

"मन्ही पोर खोटं बोलस?"

"अरे, लहान लेकरू आहे ते!"

"लहान शे म्हनीसन तं! ती तेच ध्यानमा धरी." तू खाटेवरून उठलास. ज्या नातीचं तोंडही तू अजून पाहिलं नव्हतंस, तिच्यावर रागावून ओट्यावर येरझारा घातल्यास. मग थांबलास. "हिवाळा धाडना पडी."

"काय?"

"तुन्ही मडमनं शे ना, तसं कारड. उघाडं की हिवाळा उभा ऱ्हायी. आम्हना हिवाळा."

आणि तिथून आपला वाद सुरू झाला, लोटन, जो अजून संपलेला नाही.

माझं म्हणणं साधं होतं. हिवाळा दाखवायचा तर बर्फ हवा. सगळ्या दुनियेत हिवाळ्याचं चित्र बर्फाचंच असतं. आपल्या हिवाळ्याला कोण विचारतं?

"मथी इचारस," तू म्हणालास.

"पण त्या लेकराला ओळखीचं काही नको का? बर्फ दिसला की तिला कळेल, हा हिवाळा."

"तिन्हा दारमा बर्फ शे, आनि मी आखो बर्फ धाडू? जवाई काय म्हनी? सासरानी मन्हाच बर्फ माले भेट दिधा!"

हा वाद आपण नदीवर घातला, दुकानात घातला, वहिनी जेवायला वाढत असताना घातला. अक्कलकुव्याच्या बाजाराला जाताना एकाच बैलगाडीत, डोंगरातल्या बायका पांघरतात त्या तुझ्या छापील फडक्यांचं गाठोडं आणि माझ्या बांगड्यांची पेटी असायची, आणि त्या दोन्हींच्या मध्ये बर्फ आणि कापूस बसलेले असायचे. गाडीवान कंटाळून म्हणाला होता, तुम्ही दोघं उतरा, बैलांना ऐकू येतं. त्या बाजारात डोंगरातली एक बाई फडकी बघत होती. मी तिलाच न्यायाधीश केलं. म्हटलं, "बाई, तूच सांग, थंडी कशी दिसते?" तिने आपल्या दोघांकडे आलटून पालटून पाहिलं, अंगावरची फडकी गळ्याभोवती गच्च आवळली आणि चालती झाली.

"दखं?" तू म्हणालास. "अशी दिसस."

त्यावर मी काय बोलणार होतो? पण मी बोललोच. गाडी परत नंदुरबारला लागेपर्यंत बोलत होतो.

मग तू कामाला लागलास. पहिल्या कागदावर तू तुझा नेहमीचा काळा रंग लावलास. गूळ आणि गंजकं लोखंड मडक्यात आंबवून केलेला, फडकीवर पिढ्यानपिढ्या टिकणारा. सकाळी पाहिलं तर मुंग्या शेकोटी खात होत्या! अर्धी आग त्यांनी वाहून नेली होती. तू मडक्याकडे बघून म्हणालास की कापडावर तर असं कधी होत नाही. वहिनी चुलीपासून ओरडल्या, "कापड धोतस तुम्ही! धोयेल कापडवर गूळ ऱ्हास का?" तेव्हा माझ्या दुकानातल्या शाईच्या पुड्या आल्या, जांभळी आणि लाल. "मास्तरनी शाई," असं तोंड वाकडं करून तू त्या कालवल्यास, घोंगडीचा तुकडा थाळीत घालून त्यावर शाई जिरवलीस आणि फळीवरचे ठसे उतरवलेस.

ते बघायला मी दुकान बंद करून येत होतो. लोटन, एवढं मला तुझ्या तोंडावर सांगायला हवं होतं. मी तुला सांगितलं की दुकानात गिऱ्हाईक नाही. वहिनींना सांगितलं की दुकानात उंदीर झालेत. खरं कारण हे, की फडकीच्या काठावरची कोयरी तू उलटी धरलीस, लाल शाईत बुडवलीस, मुठीने एक ठोसा दिलास, आणि कागदावर ज्वाळा आली. मोराच्या पिसातला डोळा छापलास, तो आभाळातला तारा झाला. वेलीचा ठसा अर्धाच टेकवलास, तर पऱ्हाटीचं झाड आलं. त्याच्या टोकांवर तू चिंचोक्याच्या खळीने खरा कापूस चिकटवलास, वहिनींनी सरकी काढून दिलेला. आयुष्यभर जे ठसे मी बघत आलो ते तुझ्या हातात वेगळंच बोलत होते, आणि मी, ज्याला नेहमी काहीतरी बोलायचं असतं, तो खळीची वाटी धरून बसलो होतो.

माणसांचे ठसे मात्र तुझ्याकडे नव्हते. ते तू सागाच्या तुकड्यातून नवे कोरलेस. एक वहिनींचा, पदर डोक्यावर, हातात काडी, आगीतलं वांगं फिरवणाऱ्या. आणि दुसरा बघितला तर मीच! हात आभाळात, टोपी मागे गेलेली, आणि तोंड असं उघडं की त्यात दुसरं वांगं मावेल.

"मी असा दिसतो?"

वहिनी म्हणाल्या, "तोंड जरासं लहानच जायेल शे."

मग मी विचारलं, "आणि तू कुठेस? आगीभोवती मी आहे, वहिनी आहेत. तुझी जागा तर रिकामी दिसतेय."

तू ठसा पुसत होतास. मान वर न करता म्हणालास, "तुन्ही गोट भलती लंबी व्हती. मी उठी गऊ."

म्हणे माझी गोष्ट लांबली म्हणून उठून गेला! आपण तिघंही हसलो. मी सगळ्यांत जास्त. हा विनोद मी पुढे गावात निदान अर्ध्या घरांना सांगितला.

मडमच्या कार्डाला तू चीर दिली नाहीस की डिंक सोडवला नाहीस. नुसतं उघडून मिटून बघायचास आणि डोळे मिटून बोटं हलवायचास. एके दिवशी दुपारी तू मला हाक मारलीस, ओट्यावर पुठ्ठा ठेवलास आणि उघडलास. हिवाळा उभा राहिला! मागे पांढरी शेतं, पुढे आग, आगीशी वहिनी, आणि हात वर करून मी. वहिनींनी ते उघडलं, मिटलं, परत उघडलं, आणि म्हणाल्या की वांगं एकाच बाजूने भाजतंय.

आता ते पाकिटात घालून टपालात टाकायचं, की नाही? कुठल्याही शहाण्या माणसाने तेच केलं असतं. पण तुला ते आधी नदीवर न्यायचं होतं. रंगाऱ्यांना दाखवायचं होतं. सकाळच्या उन्हात सगळे कापडं धूत होते. तू पाण्यातच उभा राहून ते उघडलंस आणि सगळे गोळा झाले. म्हातारे वाकून बघत होते. आणि मग बन्सी, तुझ्या शेजारच्या दगडावर रोज कापड आपटणारा, मान एका बाजूला घालून म्हणाला, "दिसाले तं बेस शे. पन रंग पक्का शे का?"

"लोटनना रंग!" तू म्हणालास. "माले इचारस, पक्का शे का?"

रंगाऱ्याला रंगाबद्दल विचारलं की तो तोंडाने उत्तर देत नाही. तुझ्या बापाने दिलं नाही, आजाने दिलं नाही. मी "अरे!" म्हणेपर्यंत तू कार्ड पाण्यात बुडवलंस, वर काढलंस आणि दगडावर आपटलंस. सवयीने पुन्हा उचललंस आणि दुसऱ्यांदा आपटलंस. तेव्हा तुझ्या लक्षात आलं की हातात फडकी नाही.

जांभळं पाणी तुझ्या पायांभोवतून निघालं. खळ सुटली. आधी आग गेली, मग वहिनी, आणि मग मी माझ्या डोळ्यांनी मला पाहिलं, तोंड उघडं टाकून, हात वर करून, उताणा वाहत जाताना. बन्सी तर रडायलाच आला होता. मी काय करणार? टोपी काढली आणि दवंडी दिली.

तू हसलास ते सगळ्यांनी पाहिलं. परतताना रस्त्यात तू एकदाच म्हणालास, "थंडी सरी जाई रे, नथू." थंडी संपायच्या आत ते पोहोचायला हवं होतं. फाल्गुनात मिळालेल्या हिवाळ्याचं रखमा काय करणार?

दुसरं कार्ड तू त्याच दिवशी सुरू केलंस, आणि त्याच आठवड्यात तुला हिवताप आला. अक्कलकुव्याच्या बाजारातून आला म्हणतात, डोंगरातून आला म्हणतात. काहीही म्हणोत. दुपारच्या उन्हात, ओट्यावर, अंगावर घरातल्या सगळ्या गोधड्या, आणि त्याखाली तुझी खाट वाजत होती. मी गोधड्यांवर बसलो, नुसता वजन म्हणून. दुसरं काही माझ्याच्याने होत नव्हतं. डॉक्टरांनी कडू औषध दिलं, वहिनी काढा देत होत्या, मी गोष्टी सांगत होतो. तिन्हींपैकी कशाचाच उपयोग होत नव्हता.

थंडी उतरली की तू कार्ड मागायचास. मूठ मात्र ठशावर पडेना. मग ठसा माझ्या हातात दिलास. म्हणालास की तू मार, मी सांगतो. मी मारला. ज्वाळेच्या बाजूला दुसरी ज्वाळा आली, आगीलाच आग लागल्यासारखी.

"ठसा शे तो," दात वाजत असताना तू म्हणालास, "पापड नही."

पुन्हा मारला, तर अर्धाच उठला. तू डोळे मिटून घेतलेस. नाटकात मी एका हुंकाराने सैन्य उभं केलंय, लोटन, पण तुझी एक ज्वाळा मला सरळ उभी करता आली नाही. तरी तू कागद फेकला नाहीस. त्या जोड ज्वाळांकडे बघून म्हणालास, "ऱ्हाऊ दे. वारा सुटेल शे."

असा वारा सुटत सुटत आपण ते कार्ड छापलं. कातरलं. वहिनींनी कापूस लावला. फक्त मधली घडी राहिली होती, जिच्यावर सगळं उभं राहतं. मी पुठ्ठा हातात घेतला तर तू माझं मनगट धरलंस. बोटं गरम होती. "ते घडी मी करसू. तू हात लावू नको." आणि कार्ड सपाट करून त्यावर दोन जड ठसे ठेवायला लावलेस.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुला बरं वाटत होतं. ऊन ओट्यावर आलं होतं. तू म्हणालास, काहीतरी सांग. मी ती राणीची गोष्ट काढली, मिशांची, जी तू हजारदा ऐकली होतीस आणि मी दर वेळी जरा लांबवत होतो. मी उठून उभा राहिलो, पदर घेतला, आवाज बारीक केला. राजा माझा हात धरायला येतो आणि पदर सरकतो तिथपर्यंत आलो. तिथे तू नेहमी "मिशी! मिशी!" ओरडायचास. मी थांबलो, तुझ्यासाठी जागा सोडली. वहिनींनी माझा हात धरून खाली ओढला तेव्हा मला कळलं.

माझी गोष्ट लांबली होती. तू उठून गेला होतास.

त्यानंतर मी त्या कार्डाला हात लावला. तू नको म्हणालास तरी लावला. मथीला तार गेली होती, ती निघाली होती, आणि एवढं तरी तिच्यासाठी उभं असायला हवं होतं. मडमचं कार्ड समोर ठेवलं आणि तशी घडी घातली. उघडलं तर आग वहिनींच्या अंगावर पडली. दुसरीकडून दुमडलं तर मी वांग्यावर पडलो. तिसऱ्यांदा कुणीच उठलं नाही. शेठ येऊन बघून गेले, सोनार येऊन बघून गेला, मास्तरांनी पट्टी लावून मोजलं. मडमचं घर दर वेळी टुणकन उभं राहायचं आणि तुझा हिवाळा आडवाच. वहिनी भिंतीशी बसून सगळं बघत होत्या. तू गेल्यापासून त्या कुणाशी बोलल्या नव्हत्या. माझ्याशीही नाही. त्यांना हसवायचं मला जमत असे, हे तुला ठाऊक आहे. मी एकदा प्रयत्न केला, आणि पुन्हा केला नाही.

मथी आली ती सगळं उरकल्यावर. गाडी सुरतेकडून उशिरा आली, मी स्टेशनवर होतो. तिने मला बघितलं आणि बोचकं माझ्या हातात देऊन चालू लागली. रखमा कडेवर होती. घरी येईपर्यंत त्या पोरीने अंगातली लोकरी बंडी काढली, टोपरं काढलं, आणि उघड्या अंगाने ओट्यावर बसली. आळीतली माणसं घोंगड्या पांघरून कुडकुडत तिच्याकडे बघत होती. आपली थंडी, लोटन, जिच्यासाठी तू एवढा भांडलास, ती तिला लागलीच नाही.

रडणं झालं. मग मी मथीच्या मांडीवर ते सपाट कार्ड ठेवलं आणि म्हणालो, "हे तुझ्या बापाने तुमच्यासाठी केलंय. उभं राहत नाही. मला येत नाही बाई." आयुष्यात इतकं लहान भाषण मी केलं नव्हतं.

तिने ते वर धरलं, उलटं केलं, कडेच्या खुणेवरून नख फिरवलं. "काका," ती म्हणाली, "हाई तं बाजारनी घडी शे."

तुमच्याकडे फडकीची बाजारासाठी जी घडी घालतात ती. एक कोपरा ओढला की आतला काठ आपोआप गिऱ्हाइकासमोर उभा होतो, अख्खी फडकी उलगडावी लागत नाही. मथीने लहानपणी त्या घड्या घालण्यात सगळ्या सकाळी घालवल्या होत्या. तू मडमची घडी घेतलीच नव्हतीस, बदमाशा. मी मात्र सगळ्या गावाला घेऊन तीच लावत बसलो होतो.

तिने दुमडलं, दाबलं, परत दुमडलं. मांडीवर ठेवून कोपरा ओढला. हिवाळा उठला. जरासा डावीकडे कललेला, जोड ज्वाळांचा, पण उठला. पांढरी शेतं, आग, वांगं फिरवणाऱ्या वहिनी, तोंड वासलेला मी, आणि माझ्याशेजारी ती मोकळी जागा. बर्फ असता तर जास्त चांगलं दिसलं असतं. हे मी आजही म्हणतो. कुणीतरी मला खोडून काढा, म्हणून म्हणतो.

रखमाने ते पाहिलं. मग आईकडे पाहिलं. मग पुढे सरकून दोन्ही तळवे त्या कागदी आगीसमोर धरले.

आळी सगळी ओट्याभोवती वाकली होती. बन्सीही होता, सर्वांत पुढे, डोळे पुसत. तो खाली बसला, मान एका बाजूला घातली, शेकोटीच्या लाल रंगाकडे निरखून पाहिलं, आणि काहीतरी विचारायला त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात भिंतीकडून वहिनी मोठ्याने म्हणाल्या:

"बन्सी, रंगनं काही इचारू नको रे! नही तं ते उठीसन येतीन आनि पानीमा बुडाई दाखाडतीन!"